उलटून काढलेलं घर

भिंतीवर एकूण पाच गोष्टी होत्या. छताजवळ रंगाचा एक सुकलेला ओघळ. त्याच्याखाली वीतभर हवेची जाळी. मधोमध एक खिळा, त्यावर काही टांगलेलं नव्हतं. फरशीपासून हातभर उंचीवर विजेचा प्लग. आणि पाचवी गोष्ट म्हणजे तिचा स्वतःचा उजवा हात, कमरेच्या थोडा वर, दाराचं हँडल धरावं तशी बोटं वाकवलेली, अंगठा खाली दाबायच्या तयारीत. दार नव्हतं. तिनं पुन्हा एकदा मोजलं: ओघळ, जाळी, खिळा, प्लग, हात. त्या भिंतीत दार कधीच नव्हतं आणि ते तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार, कारण भिंत तिनंच काढलेली होती, पेन्सिलीनं, दोन समांतर रेघा, मधे तिरप्या रेघांची भरण. मागं काहीतरी खदखदत होतं. ती वळली तेव्हा शेगडीवरचं चहाचं पाणी कडेला बुडबुडे सोडत अर्ध्यावर आलं होतं. तिनं एक कप पाणी ठेवलं होतं, एवढं नक्की. म्हणजे अर्धा कप पाणी हवेत गेलं तेवढा वेळ ती इथं उभी होती आणि त्यातला सुरुवातीचा एक क्षण सोडला तर तिच्याकडे काहीच शिल्लक नव्हतं. झोपायच्या खोलीतून चष्मा आणायचा होता. मग ओघळ, जाळी, खिळा. मधलं कुठं गेलं? तिनं शेगडी बंद करून मान वर केली तर समोरच्या खिडकीतून परस दिसत होतं, परसात दोरी होती आणि दोरीपाशी सून अर्धी घडी घातलेली चादर छातीशी धरून तिच्याकडे बघत होती.

"आई, काय झालं?"

"कुठं काय?"

"नाही, भिंतीकडे तोंड करून उभ्या होतात. शाळेत शिक्षा झाल्यासारख्या."

"खिळा बघत होते. म्हटलं, कॅलेंडर लावावं."

"मग हाक मारायची की. उगीच वर हात नेऊ नका हं." सून हसली आणि चादरीची उरलेली घडी घालू लागली, पण ती घडी तिनं न बघता घातली, बघत होती ती खिडकीकडेच. ही तिची सवय. दाताची डॉक्टर होती, दिवसभर माणसांच्या तोंडात बघायचं काम, आणि घरी आल्यावरही तिची नजर माणसावर तशीच ठरायची, कुठं काय किडलंय ते शोधत असल्यासारखी. संध्याकाळी मुलगा कॅलेंडर घेऊन आला. खिळ्यावर अडकवलं, दोन पावलं मागं जाऊन मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "आई, इतकं मोठं कॅलेंडर! तुला कुठं कामावर जायचंय?" तो थट्टा करत होता. तो लहानपणापासून असाच, शब्द तोंडातून निघून गेल्यावर ऐकणारा. पण तो गेल्यावर ती त्या आकड्यांसमोर बसून राहिली. डॉक्टर आधी तारीख विचारतात. आज तारीख काय, वार कोणता, शंभरातून सात वजा करत या. तिच्या आईला विचारलं होतं तेव्हा ती शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि मनातल्या मनात उत्तरं देत होती, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि आई डॉक्टरांकडे बघून गोड हसत होती. दुसऱ्या दिवसापासून ती डोळे उघडले की आधी तारीख म्हणायची, मग वार, मग पाय खाली सोडायची.

भिंतीच्या त्या दिवशी दुपारी तिनं आणखी एक गोष्ट केली होती, जी तिनं कोणाला सांगितली नसती. तेच भांडं घेतलं, त्याच कपानं पाणी मोजून घातलं, तेवढीच आच ठेवली आणि घड्याळ समोर धरून उभी राहिली. अर्धा कप उरायला सात मिनिटं लागली. पहिली चार मिनिटं पाणी तापण्यात जातात, तेवढ्यात तिनं साखरेचा डबा काढला असणार, कप विसळला असणार. उरली तीन. तीन मिनिटं तिनं भिंतीत दार शोधलं. आकडा हातात आला की तिला नेहमी बरं वाटायचं, आयुष्यभर वाटत आलं होतं; बांधकामांच्या नकाशांच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटणारच. यावेळी वाटलं नाही. तीन मिनिटं फार होती. तीन मिनिटांत माणूस रस्त्यावर जाऊ शकतो.

तिच्या आईचं चपलांपासून सुरू झालं होतं. आई एक दिवस म्हणाली, या चपला चावतात गं. मग चपला सैल करून आणल्या. तरी चावतात. पुन्हा सैल केल्या. मग नव्या आणल्या, एक नंबर मोठ्या, आणि त्याही चावायला लागल्या तेव्हा दुकानदाराला सगळ्यांनी मिळून नावं ठेवली. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी खाली बघितलं. उजवी चप्पल डाव्या पायात होती आणि डावी उजव्या. आईचंही हसून हसून पोट दुखलं. म्हणाली, अगं बाई, मी त्या बिचाऱ्या चपलांना दोष देत बसले. नंतरचं मात्र कोणी हसण्यासारखं नव्हतं. शेवटची दोन वर्षं आईच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती आणि आतून आईचे हात दारावरून फिरायचे, ठोकायचे नाहीत, ओरडायची नाही ती, नुसते तळवे फिरायचे, वरपासून खालपर्यंत, लाकडावर कागद घासल्यासारखा आवाज. बाहेर बसून भाजी निवडता निवडता तो आवाज ऐकू यायचा. तिला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला की ती मान वर करायची. आता तिला आतली बाजू दिसत होती. आतून ते कसं असेल, हे तिनं तेव्हा कधी मनात आणलं नव्हतं: समोर एक सपाट पृष्ठभाग, आणि हाताला पक्कं माहीत की इथं काहीतरी असायला हवं.

मागचं घर ही तिचीच कल्पना होती. नवरा गेल्यावर पुढचं घर तिला मोठं व्हायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या ती आठवड्यातून एकदा नुसती हवा खेळवायला उघडायची. मुलगा-सून भाड्याच्या दोन खोल्यांत. नवा नियम निघाला की आवारात जागा असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मागं एक छोटं स्वतंत्र घर बांधता येतं, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची मोरी, स्वतःचं दार. तिनं ठरवलं, पुढचं घर त्यांना, मागचं मला. जवळ तर राहायचं, पण मांडीवर बसायचं नाही. परवान्याच्या कचेरीतला माणूस अर्जावर शिक्का मारताना म्हणाला होता, "एका आवारात सासू-सून आणि दोन चुली. भांडण झालं तर आमच्याकडे येऊ नका, आम्ही फक्त भिंती बघतो." ती खूप हसली होती. नकाशा तिनं स्वतः काढला, निवृत्तीनंतर पहिल्यांदा, आणि तो काढताना तिला एक नामी युक्ती सुचली होती. म्हाताऱ्या माणसांना नव्या जागेची सवय होत नाही, हे तिनं ऐकलेलं. मग नवी जागा करायचीच कशाला? पुढच्या घराचा खालचा मजला, जिथं तिची एकतीस वर्षं गेली, तोच जसाच्या तसा मागं उचलून ठेवायचा. तोच ओटा, तेवढीच मोरी, झोपायच्या खोलीचं दार ओट्यापासून तेवढ्याच अंतरावर. अडचण एकच, सांडपाण्याची लाइन आवाराच्या दुसऱ्या बाजूनं जात होती. त्यावर उपाय कचेरीत कोणीही डोळे मिटून सांगितला असता. त्यांच्या वेळी ट्रेसिंगचा पारदर्शक कागद असायचा. बाजू बदलायची असेल तर कागद उलटा करायचा, खालून शाई दिसायचीच, घर आपोआप उलटं व्हायचं. अक्षरं तेवढी उलटी दिसायची, ती खरवडून पुन्हा लिहायची. मोठे ड्राफ्ट्समन म्हणायचे, "कागदाला काय कळतंय? कागदाला दोन्ही बाजूंनी सारखंच." जुळ्या बंगल्यांचे, इमारतीतल्या समोरासमोरच्या घरांचे शेकडो नकाशे तिनं असे उलटले होते. हा शेवटचा. एका संध्याकाळचं काम. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

राहायला येऊन आठ महिने झाले होते आणि आता ती मागं वळून बघू लागली तर चुकांची रांगच लागली. तोवर तिनं प्रत्येक चूक सुटी सुटी धरून सोडून दिली होती. दिव्याचं बटण शोधत हात दाराच्या भलत्या बाजूला चाचपडायचा. पाण्याचा पेला ओट्यावर ठेवायला गेली आणि ओटा तिथं नव्हताच, पेला सरळ खाली. काचा गोळा करून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि सुनेच्या नजरेला पडू नयेत म्हणून पुढच्या रस्त्यावरच्या कचरापेटीत नेऊन टाकल्या. मोरीत गारऐवजी गरम नळ सोडला, मनगटावर फोड आला, चार दिवस लांब बाह्या घातल्या. पलंगावरून उठताना भिंतीकडच्या बाजूला पाय सोडले आणि गुडघा आपटला. एकेक घ्या, काही नाही. सगळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की तिला आईच्या चपला दिसायच्या. आणि भिंतीच्या दिवसानंतर तर सगळं आणखीच बिघडलं, कारण आता ती प्रत्येक हालचालीच्या आधी थांबायची. बटण कुठं? डावीकडे. नक्की? मग हात. पूर्वी जे हात करायचे ते आता डोकं करत होतं, आणि डोकं जितकं लक्ष घालायचं तितका हात गोंधळायचा. खिडकीत सून दिसली की ती हातातलं काम सोडून खुर्चीत बसून घ्यायची आणि मासिक उघडायची. बसलेल्या माणसाच्या चुका होत नाहीत. "आई, हल्ली तुम्ही फार बसून असता हो," सून म्हणाली. "पाय दुखतात का?" "छे, वाचत असते." "उलटं मासिक?" सुनेनं विचारलं. तिनं घाईनं मांडीवर बघितलं. मासिक सरळच होतं. "गंमत केली," सून म्हणाली, पण हसायच्या आधी ती थोडी थांबली, आणि गंमत करणारं माणूस थांबत नाही.

एका रविवारी सकाळी ती पुढच्या घरी दही मागायला गेली तर मागच्या पायरीवरच तिला मुलाचा आवाज आला. दार लोटलेलं होतं. "पुढची खोली रिकामी करू या. तिचा पलंग बसतो तिथं, मी मोजलंय."

"त्यांना नाही आवडणार."

"आवडायचं काय त्यात? परवा पुन्हा काहीतरी फुटल्याचा आवाज आला, तूच म्हणालीस. एकदा पडली की मग काय करणार आहोत?"

"मी म्हणाले लक्ष ठेवू या. उचलून आणू या नाही म्हणाले."

"आणि मागच्या घराला बाहेरून कुलूप घालू. रिकामं घर, कोण कधी घुसेल सांगता येत नाही."

त्याचं बरोबर होतं. रिकाम्या घराला बाहेरूनच कुलूप घालतात. पण पायरीवर उभं राहून तिनं ऐकला तो नुसता एक शब्द, बाहेरून. हातातली वाटी तिनं पोटाशी धरली आणि पाय न वाजवता ती परत गेली. पुढची खोली म्हणजे जिन्याखालची, एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. त्या खोलीत दिवसभर दार उघडंच ठेवतील, प्रेमानं ठेवतील, येता जाता डोकावतील, काय आई, ठीक ना. तिला तिच्या दाराची आठवण आधीच यायला लागली, जे अजून तिचंच होतं: रात्री ती आतून कडी लावायची, तो लोखंडाचा टक असा आवाज. हे घर राहील की जाईल, हे आता एकाच गोष्टीवर होतं. तिचं डोकं ठीक आहे की नाही. आणि हे नेमकं त्याच डोक्यानं शोधायचं होतं.

तेवढ्यात वरच्या दाढेतलं सिमेंट निघालं. तिनं आठवडाभर एका बाजूनं चावून वेळ मारून नेली, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे त्या खुर्चीत आडवं पडून तोंड उघडायचं, प्रखर दिव्याखाली, आणि वर सुनेचे डोळे. शेवटी ठणका कानापर्यंत गेला तेव्हा गेली. सुई टोचून झाली, अर्धा जबडा दुसऱ्या कोणाचा तरी झाला. गालात कापूस, ओठाला नळी. "दुखलं तर हात वर करा," सून म्हणाली. "डावा. उजव्या बाजूला माझी हत्यारं आहेत." थोड्या वेळानं आत कुठंतरी चमक उठली आणि तिनं हात वर केला.

"डावा हो, आई."

तिनं आपल्या हाताकडे बघितलं. उजवा होता. दिव्याच्या कडेला, पाचही बोटं पसरून उभा. तिच्या तोंडचं पाणी पळालं असतं, पण तोंड पाण्यानं भरलेलंच होतं. झालं, तिला वाटलं, हिनं बघितलं. आता काही लपवायचं राहिलं नाही.

"असू दे," सून म्हणाली. मुखपट्टीच्या वर तिचे डोळे दाढेतून हलले नव्हते. एका हातात छोटा गोल आरसा, दुसऱ्या हातात ते फिरणारं यंत्र. "या खुर्चीत सगळ्यांचंच डावं-उजवं होतं. मीसुद्धा. वरचे दात, मी तुम्हाला सांगते, कधी सरळ बघितलेलेच नाहीत. सगळं आरशात. पहिल्या वर्षी काय व्हायचं, आरशात बघून हात पुढं न्यायला जावं तर तो बरोबर उलट दिशेला. डोक्याला माहीत असायचं हो, उलटं आहे, उलटं आहे. हाताला कोण सांगणार? आमचे सर पट्टीनं मनगटावर मारायचे. रडायचे मी घरी येऊन, वाटायचं आपल्या हातातच काहीतरी दोष आहे. सहा-सात महिने गेले. आता आरसा काढून घेतला तर मला जमणार नाही. आ करा अजून."

तिनं आ केला. दिव्याच्या पांढऱ्या गोलात तिला एक कागद दिसला, पातळ, दुधी, आणि तो उलटा होताना झालेला आवाज ऐकू आला. अक्षरं तेवढी पुन्हा लिहायची. तिला सुनेचं मनगट धरून काहीतरी सांगायचं होतं, घशातून नुसतं "आं" आलं.

"दुखतंय?"

"आं."

"आं म्हणजे हो की नाही?"

"आं!"

तोंडातली नळी निघाल्याबरोबर ती उठून बसली. "मी घर उलटं केलंय," ती म्हणाली. बधिर ओठातून ते "गर उल्टं केय" असं निघालं आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळेचा धागा हनुवटीवर आला. सुनेनं मुखपट्टी खाली ओढली. तिच्या चेहऱ्यावर ते होतं, जे इतके महिने खिडकीतून दिसत होतं आणि कधी पुरतं दिसलं नव्हतं: ती घाबरली होती. "आई, आत्ता बोलू नका. जीभ चावाल. आणि तुम्ही आज एकट्या घरी जायचं नाही, थांबा इथंच."

संध्याकाळी ओठ परत आल्यावर तिनं पुढच्या घराचा खालचा मजला पातळ कागदावर काढला, हातानं, पट्टी न घेता, आणि सुनेला खिडकीपाशी नेऊन कागद काचेवर धरला. "हे तुझं घर. इथं ओटा, इथं दार." मग कागद उलटा केला. "हे माझं." सुनेनं तो स्वतः एकदा सरळ, एकदा उलटा करून बघितला. मग सुनेनं एकेक विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं, पेला, नळ, फोड, गुडघा, भिंत. सगळं सांगून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं, ते झालं नाही. चुका आता दोघींच्या झाल्या एवढंच.

"मला वाटलं तुमचा खांदा धरलाय," सून म्हणाली. "हात अर्ध्यात थांबायचा ना तुमचा. मी त्याला म्हटलंसुद्धा, आईंना खांद्याचे व्यायाम सुरू करू या. आणि तुम्ही इतके महिने... अहो, एक शब्द बोलायचा."

"कशाला? त्या जिन्याखालच्या खोलीत जायला?"

सून लाल झाली. "ऐकलंत होय."

"ऐकू अजून नीट येतं."

"पण मग झालं की, आई. उत्तर सापडलं. घर उलटं आहे, तुम्ही सरळ आहात."

तिनं कागद काचेवरून खाली घेतला. हेच तर तिला भिववत होतं, की उत्तर इतकं नेटकं सापडावं. ज्याचं डोकं सुटत चाललंय त्यालाही कारण सापडतंच. उलट त्याला आधी सापडतं. आई किती खात्रीनं सांगायची, चपला चावतात. मऊ चामडं दाखवायची, इथं बघ, इथं टोचतं. आणि ती आज कागद काचेवर धरून तेच करत होती: घर चावतं. "हे खरं आहे म्हणून मी म्हणतेय," ती शेवटी म्हणाली, "की मला हवंय म्हणून, ते मला आतून कळत नाही. बाहेरून बघायला पाहिजे."

"म्हणजे कसं?"

"घर उलटं असल्यामुळं चुकत असेन, तर या घरात चुकायला नको. इथं माझी एकतीस वर्षं गेली. हात इथं आपोआप जायला हवेत. डोळ्यांवर पट्टी बांध आणि एकेक काम सांग. मागं चुकले आणि इथं एकही चुकले नाही, तर घराचा दोष."

"आणि इथंही चुकलात तर?"

"तर तुझा नवरा पलंग मोजून बसलाच आहे."

पुढच्या रविवारी मुलगा गाडी धुवून घ्यायला गेला आणि दोघींनी सुरू केलं. सुनेनं बारा कामं एका कागदावर लिहिली होती आणि कागद दाखवला नव्हता. दोन्ही घरांत तीच बारा, क्रम वेगळा. डोळ्यांवर टॉवेल बांधून स्वयंपाकघरात आणायचं, मधोमध उभं करायचं, एकदा गोल फिरवून ओट्याकडे तोंड करायचं, मग सांगायचं. विचार करायला वेळ द्यायचा नाही. पहिला स्पर्श जिथं होईल तो धरायचा. आधी मागचं घर. टॉवेलाच्या आत गरम काळोख होता आणि धुण्याच्या साबणाचा वास. "दिवा." "नळ, गार." "डब्यांची फळी." "झोपायच्या खोलीचं दार." तिच्या मागं सुनेची पेन्सिल कागदावर टेकत होती. संपल्यावर टॉवेल सोडून बघितलं तर बारापैकी सात चुका. जवळजवळ खूश झाली ती. असंच व्हायला हवं होतं. परस ओलांडून पुढच्या घरात शिरताना मात्र ती उंबऱ्यावर थांबली. इथं तिनं कधी स्वयंपाकघरात दिवा लावताना भिंतीकडे बघितलेलं नव्हतं. एकतीस वर्षं हे घर तिच्या कातडीच्या आतल्या बाजूला होतं. जे इतकं आत आहे ते जाईल तेव्हा काय काय घेऊन जाईल? टॉवेल. गोल. तोंडावर ओट्याच्या खिडकीचा उजेड, कापडातून लालसर.

"दिवा."

हात गेला आणि बटण बोटांखाली आलं. बरोबर. "नळ, गार." बरोबर. "फडकं." बरोबर. "मोरीची कडी." बरोबर, थंडगार, त्याच ठिकाणी. जीव भांड्यात पडू लागला होता. "डब्यांची फळी," सून म्हणाली आणि तिचा हात वर गेला, आणि तळव्याला भिंत लागली. सपाट. गार. तिनं हात काढला नाही. तळवा तसाच खाली सरकवला, मग बाजूला, आणि तिला तो आवाज ऐकू आला, लाकडावर कागद घासल्यासारखा, यावेळी तिच्या स्वतःच्या हाताखालून. "पहिला स्पर्श, आई," मागून सून हळूच म्हणाली. पेन्सिल टेकली. पुढची तीन कामं तिनं केली, पण अंग आकसून केली, खोलीच्या कडा कुठंतरी लांब गेल्यासारख्या. मग शेगडीची कळ चुकली. मग खोलीचं दार. त्या दारापाशी तिनं हवा धरली. शेवटची दोन बरोबर आली की नाही हे तिला कळलंही नाही.

टॉवेल सोडल्यावर उजेड डोळ्यांत घुसला. सून कागद उलटा धरून उभी होती, छातीशी.

"किती?"

"तीन."

"इथं?"

"इथं."

ती खुर्चीत बसली. शून्य हवं होतं. तीन म्हणजे शून्य नव्हे. परसातून मागचं घर दिसत होतं, त्याचं दार, कडी आत. पुढच्या खोलीत पलंग कसा लावतील, डोकं कुठल्या भिंतीला, हे तिला आत्ताच दिसायला लागलं आणि मनातल्या नकाशात तिनं स्वतः पलंग काढला, पातळ रेघेनं. आज तारीख काय, तिनं मनात विचारलं, आणि तारीख यायला क्षणभर वेळ लागला, किंवा लागल्यासारखा वाटला.

"उठा," सून म्हणाली.

"राहू दे आता."

"उठा हो. मला बांधा तो." तिनं टॉवेल तिच्या हातात कोंबला आणि तिच्यापुढं पाठमोरी उभी राहिली, केस वर धरून. "तुमच्या तीन कशाच्या मानानं तीन? मी सदतीस वर्षांची आहे. रोज सकाळी अर्ध्या झोपेत या ओट्यावर दोघांचे डबे भरते, डोळे उघडतसुद्धा नाही मी. माझं शून्य येतंय का ते बघा, मग बसा रडत."

"मी रडत नाहीये."

"मग बांधा. आणि गाठ घट्ट मारा, मी लबाडी करते."

तिनं बांधला. सुनेला खांद्याला धरून एकदा गोल फिरवलं, ओट्याकडे तोंड केलं. मग कागद घेतला आणि पेन्सिल घेतली आणि एकेक सांगत गेली. दिवा. सुनेचा हात झटकन गेला, हसत गेला. नळ. फडकं. डब्यांची फळी. सुनेचा हात हवेत फिरला, काही लागेना, ती हसली, पुन्हा फिरवला. "पहिला स्पर्श," पेन्सिल टेकवत ती म्हणाली. पुढच्या चुकीला सून हसली नाही. तिसऱ्या चुकीला तिनं हात हवेतच ठेवला, बोटं वाकवून, मान थोडी कलती करून, कोणाची तरी हाक ऐकू येत असल्यासारखी. शेगडीची कळ. मोरीची कडी. खोलीचं दार. बारावं काम झालं तसं टॉवेल न सोडताच सुनेनं विचारलं, "किती?"

तिनं बरोबर-चूकच्या खुणा दोनदा मोजल्या आणि खाली लिहिलं. मागचं घर, सासू: बारापैकी सात चुका. पुढचं घर, सासू: बारापैकी तीन. पुढचं घर, सून: बारापैकी चार.